'नॉर्मांदी' आणि 'एत्वाल द्यू नोर' : दोन प्रवास-भित्तिपत्रकांची रचना

भित्तिपत्रक ही कला की कारागिरी, हा वाद बहुधा एका सोयीस्कर तडजोडीने मिटविला जातो. भित्तिपत्रकाचा हेतू व्यापारी असतो हे मान्य करावयाचे, आणि लगेच तो हेतू बाजूस सारून रेषा, रंग व अवकाश यांच्या संघटनेची प्रशंसा करावयाची, अशी ही तडजोड आहे. तिच्यामुळे व्यापाऱ्याचा मान राहतो, रसिकाचाही राहतो. राहत नाही ती फक्त भित्तिपत्रकाची विशिष्टता. हेतू वजा केला की उरते ते एक चित्र, आणि रूप वजा केले की उरते ती एक सूचना. रूप हेतूची सेवा कशी करते, आणि क्वचित त्याच्यावर मात कशी करते, हा समीक्षेचा खरा प्रश्न; तो या तडजोडीत विचारलाच जात नाही.

प्रवासाच्या भित्तिपत्रकाच्या बाबतीत तर तो टाळताच येऊ नये. साबणाची वडी किंवा मद्याची बाटली चित्रात दाखविता येते. ती विकत घेणाऱ्याच्या हाती तीच वस्तू पडते. प्रवास ही वस्तू नव्हे. तिकीट घेणारा मनुष्य एक भावी अनुभव विकत घेत असतो, आणि तो अनुभव अद्याप कोठेच अस्तित्वात नसतो. तेव्हा चित्रकाराने दाखवावयाचे तरी काय? बहुतेकांनी गंतव्यस्थान दाखविले आहे. १९३० च्या दशकात परदेशी प्रवाशांसाठी भारतीय रेल्वेने काढलेल्या भित्तिपत्रकांत ताजमहाल आणि काशीचे घाट पुनःपुन्हा येतात ते याच न्यायाने. काहींनी प्रवासानंतरची मनःस्थिती दाखविली. जॉन हॅसल यांनी १९०८ साली इंग्लंडातील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी स्केग्नेस या गावाचे जे भित्तिपत्रक केले, त्यात एक स्थूल, वृद्ध कोळी समुद्रकिनाऱ्यावर आनंदाने बागडतो आहे. आगगाडीचा तेथे मागमूसही नाही. तिसरा मार्ग म्हणजे वाहनच चित्रविषय करणे. हा मार्ग वरवर सर्वांत सरळ, पण वस्तुतः सर्वांत धोक्याचा आहे. कारण वाहन हे साधन आहे, आणि साधनाने साध्याची जागा घेतली की प्रवासी चित्राबाहेर पडतो. या धोक्याचे स्वरूप फ्रेंच चित्रकार कासांद्र यांच्या दोन सुप्रसिद्ध भित्तिपत्रकांवरून स्पष्ट होण्यासारखे आहे. त्यांतील अधिक प्रसिद्ध कृतीला आपल्या हेतूच्या कसोटीवर कमी यश लाभले आहे, आणि ज्या गुणांसाठी तिची कीर्ती झाली त्याच गुणांत या न्यूनाचे कारण आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कासांद्र यांचे मूळ नाव आदॉल्फ मुराँ. १९०१ साली तत्कालीन रशियन साम्राज्यातील खारकीव्ह येथे एका फ्रेंच कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पॅरिसला आले. चित्रकार व्हावे ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती; भित्तिपत्रकासाठी त्यांनी टोपणनाव घेतले, ते खरे नाव चित्रांसाठी राखून ठेवावे म्हणून. पुढे टोपणनावच टिकले. १९२३ साली 'ओ ब्यूशरों' या फर्निचरच्या दुकानासाठी केलेल्या भित्तिपत्रकाने ते प्रसिद्धीस आले. १९२५ च्या पॅरिसच्या सजावटी-कलांच्या प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत रेल्वे, जहाज-कंपन्या, वृत्तपत्रे आणि मद्ये यांच्यासाठी त्यांनी जी भित्तिपत्रके रचली, त्यांनी या माध्यमाची भाषाच बदलून टाकली. १९३६ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरविले. १९६८ साली पॅरिस येथे त्यांनी आत्महत्या केली. चित्रकार म्हणून मान्यता मिळविण्याची धडपड त्यांनी अखेरपर्यंत सोडली नव्हती.

त्यांची भित्तिपत्रकाविषयीची भूमिका मात्र विलक्षण निरभिमानी होती. चित्रकला हे स्वतःच साध्य, भित्तिपत्रक हे केवळ साधन, असे ते मानीत. आणि भित्तिपत्रककाराची तुलना तारमास्तराशी करीत. तारमास्तर निरोप रचत नाही. त्याचे मतही कोणी विचारीत नाही. निरोप स्पष्टपणे आणि अचूक पोहोचविणे एवढेच त्याचे काम. ही उपमा सुंदर आहे, पण कासांद्र यांच्याच कृतींना ती पुरत नाही. तारेच्या यंत्राने निरोप बदलत नाही. येथे तो बदलतो, आणि 'नॉर्मांदी'च्या बाबतीत तर इतका बदलतो की निरोप कोणाचा आणि कोणासाठी, हेच पुन्हा तपासून पाहावे लागते.

'नॉर्मांदी'चे भित्तिपत्रक १९३५ सालचे आहे. सुमारे एक मीटर उंच आणि त्याच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी रुंद. जहाज अगदी समोरून आणि अगदी खालून पाहिलेले आहे. काळ्या नाळेची धारदार कड चित्राच्या मध्यरेषेवर उभी आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांनी जहाजाची पोलादी कूस वर वर रुंदावत जाते; त्यामुळे खाली निमुळता आणि वर विस्तारलेला असा एक प्रचंड आकार बहुतेक सगळे चित्र व्यापतो. त्यावर शुभ्र वरचे मजले, आणि त्यांच्यामागे तांबडे, काळ्या माथ्याचे धुराडे. वरच्या भागात एक इवलासा फ्रेंच ध्वज फडकतो आहे. पार्श्वभूमीला आकाशाचा एकच थर, निळ्या रंगाच्या हळूहळू बदलणाऱ्या छटांचा. तळाशी समुद्राची अरुंद पट्टी, नाळेपाशी फेसाची नाममात्र रेषा, आणि डावीकडे पाण्यालगत पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा एक चिमुकला थवा. त्याखाली जहाजाचे नाव मोठ्या, ठसठशीत अक्षरांत, आणि कंपनी व मार्ग सांगणारा मजकूर: ल हाव्र, साउदॅम्पटन, न्यू यॉर्क. एवढेच. डेकवर माणूस नाही, कठड्याशी कोणी रुमाल हालवीत नाही, क्षितिजावर न्यू यॉर्कच्या इमारती नाहीत.

या रचनेत काय आहे यापेक्षा काय नाही, हे आधी पाहिले पाहिजे. 'नॉर्मांदी'ची सर्वांत मोठी बढाई तिची लांबी होती. सँ-नाझेर येथील गोदीत बांधलेले आणि २९ ऑक्टोबर १९३२ रोजी पाण्यात सोडलेले हे जहाज सुमारे ३१३ मीटर लांब होते. हजार फुटांची मर्यादा ओलांडणारे हे पहिलेच प्रवासी जहाज. जहाजांची चित्रे बाजूने काढण्याची जी रूढी होती, ती या असल्या बढाईच्या सोयीची होती: लांबी दिसते, खिडक्यांच्या ओळी दिसतात, धुराडी मोजता येतात. धुराड्यांची संख्या म्हणजे जहाजाचे सामर्थ्य अशी त्या काळी लोकांची समजूत असे, आणि तिला मान देऊन जहाज-कंपन्या बिनकामाची धुराडीही उभारीत. 'नॉर्मांदी'च्या तीन धुराड्यांपैकी तिसरे असेच शोभेचे होते. कासांद्र यांनी लांबी सोडली आणि धुराडी एकामागे एक लपवून एकच ठेविले. ज्या अंकांची जाहिरात करण्यासाठी कंपनीने एवढा खर्च केला, ते अंक त्यांनी चित्रातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी उंची आणली. हे धाडस असामान्य आहे, यात शंका नाही. चार वर्षांपूर्वी 'लातलांतीक' या जहाजासाठी केलेल्या भित्तिपत्रकात त्यांनी या दिशेचे पहिले पाऊल टाकले होते. तेथे जहाज म्हणजे एक अवाढव्य काळा ठोकळा, आणि त्याच्या पायथ्याशी धूर सोडणारी एक क्षुद्र टगबोट. 'नॉर्मांदी'त टगबोटीची जागा पक्ष्यांनी घेतली.

या पक्ष्यांवर थोडे थांबावयास हवे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यघटनेच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मानले. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या त्यांच्या ग्रंथामुळे ही परिभाषा मराठी विचारात स्थिर झाली. तिचा उपयोग येथे निःसंशय होतो. जहाजाचा संपूर्ण देह संवादाने बांधलेला आहे: नाळ, मजले, धुराडे आणि ध्वज ही सारी एकाच उभ्या अक्षाची पुनरुक्ती करतात, डावी बाजू उजवीला उत्तर देते. असा निखळ संवाद यांत्रिक व्हावयाचा. तो तसा होत नाही, याचे श्रेय डाव्या कोपऱ्यातील त्या पाच-दहा पांढऱ्या ठिपक्यांस आहे. आकाराने मोठ्याशी लहान, काळ्याशी पांढरे, स्थिराशी चंचल, पोलादाशी जिवंत, असे चौपदरी विरोध त्या थव्यात एकवटले आहेत. आणि ते अक्षाच्या एकाच बाजूस असल्यामुळे सममितीला एक सूक्ष्म कलंडणे प्राप्त होते, जे पुन्हा जहाजाच्या वजनानेच सावरले जाते. पक्षी झाकून पाहावे: जहाज तात्काळ लहान होते. उंचीचा सारा भास या मापपट्टीवर अवलंबून आहे. हे कौशल्य पहिल्या प्रतीचे आहे, आणि ज्यांनी या भित्तिपत्रकाचा गौरव केला त्यांनी ते अचूक हेरले आहे.

परंतु मर्ढेकरांची परिभाषा येथपर्यंतच नेते. मापपट्टी म्हणून पक्षीच का, मनुष्य का नव्हे, हा प्रश्न त्या परिभाषेत उपस्थितच होत नाही. कारण लयीच्या दृष्टीने कठड्याशी उभी असलेली माणसांची एक ओळही विरोधाचे काम तितकेच करू शकली असती. फरक पडतो तो अर्थात. माणसे दाखविली असती तर ती जहाजाची असती, जहाज त्यांचे असते. पक्षी कोणाचेच नाहीत. ते तिकीट काढीत नाहीत. प्रवाशाच्या जागी पक्षी आले, तेव्हा जहाजाचा प्रवाशाशी असलेला संबंध सुटला आणि निसर्गाशी स्पर्धेचा संबंध जोडला गेला. हा बदल रूपाचा नव्हे, आशयाचा आहे. आणि तो रूपाच्या निवडीतूनच झाला असल्यामुळे रूप व हेतू यांची फारकत करून या चित्राचे मूल्यमापन होणार नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाहणाऱ्याच्या स्थानाचा. यथार्थदर्शनाच्या प्रत्येक चित्रात एक अदृश्य माणूस गृहीत असतो: ज्याच्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिज असते, तो. 'नॉर्मांदी'त हा माणूस कोठे आहे? पाण्याच्या पृष्ठभागालगत, खुल्या समुद्रात, चालत्या जहाजाच्या ऐन वाटेवर. या जागी कोणताही प्रवासी कधी उभा राहत नाही. ल हाव्रच्या धक्क्यावरून तो बाजूने चढतो, आणि एकदा चढला की नाळ त्याला दिसतच नाही. त्याला दिसतात ती दालने, जिने आणि समुद्र. न्यू यॉर्कच्या गोदीत जहाज नाळ शहराकडे करून उभे राही, आणि तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यास ती समोरून, डोक्यावर आल्यासारखी दिसत असेल; पण तो रस्त्यावरचा मनुष्य, प्रवासी नव्हे. तात्पर्य, हे चित्र ज्याच्या डोळ्यांनी पाहिले आहे तो एक तर मागे राहिलेला आहे, नाही तर चिरडला जाणारा.

तात्यासाहेब केळकरांची सविकल्प समाधीची कल्पना साहित्यास्वादासाठी मांडलेली असली, तरी प्रवासाच्या जाहिरातीला ती जशी लागू पडते तशी क्वचितच दुसऱ्या कशाला पडेल. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेत त्याला आनंद होतो, असे त्यांचे म्हणणे. भित्तिपत्रकापुढे क्षणभर थांबलेला पादचारी नेमक्या याच अवस्थेत यावा लागतो: पाय पदपथावर, आणि मन दूरच्या वाटेवर. ही समाधी लागली तरच तिकीट विकले जाण्याचा संभव. 'नॉर्मांदी' ती लागू देत नाही. विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव ती प्रबळपणे जागा करते, हे खरे. पण हा विस्मय समोर उभे राहून, मान वर करून अनुभवावयाचा आहे. त्यात शिरावयाला दार नाही. पोलादी भिंतीला दार नसते तसेच.

कंपनीला हे चालले कसे? येथे जहाजाच्या इतिहासाकडे वळणे अपरिहार्य आहे, आणि केवळ पार्श्वभूमी म्हणून नव्हे. 'नॉर्मांदी'ची बांधणी चालू असता जगावर आर्थिक मंदी कोसळली होती, आणि फ्रेंच शासनाच्या अर्थसाहाय्याखेरीज ती पुरी होऊ शकली नसती. २९ मे १९३५ रोजी तिने पहिली सफर सुरू केली, सुमारे ३० नॉटच्या सरासरी वेगाने अटलांटिक ओलांडला आणि इटलीच्या 'रेक्स' जहाजाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी ब्रिटनचे 'क्वीन मेरी' समुद्रात उतरावयाचे होते. म्हणजे या भित्तिपत्रकाचा खरा श्रोता प्रवासी नव्हताच, निदान प्रथमतः नव्हता. तो होता प्रतिस्पर्धी राष्ट्र, आणि स्वतःच्या पैशाचे काय झाले हे पाहू इच्छिणारा फ्रेंच करदाता. त्या दृष्टीने पाहिले की मध्यरेषेवरचा ध्वज अलंकार राहत नाही. अटलांटिकवरून तो जाणारच नाही अशा असंख्य लोकांना हे चित्र सांगते: हे तुमचे आहे, आणि तुम्ही याच्यापुढे लहान आहात. दोन्ही विधाने एकाच वेळी. १९३५ च्या युरोपात असे बोलण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली होती, एवढे येथे नोंदवून पुढे जावे. कासांद्र यांच्यावर कोणत्याही राजकीय मताचा आरोप करण्यास या चित्रात आधार नाही.

प्रवाशांच्या बाजूने हिशेब निराळा निघतो. १,९७२ प्रवाशांची सोय असलेल्या या जहाजात ८४८ जागा प्रथम वर्गाच्या होत्या. सुमारे तीनशे फूट लांबीचे भोजनगृह, लालिक यांच्या काचेचे दीप, लाखकामाच्या भिंती: तत्कालीन फ्रेंच सजावटीचे सारे वैभव आत होते. भित्तिपत्रकात त्यातले काही येत नाही. जहाज बहुधा पुरते भरत नसे, आणि अनुदानावाचून त्याचा खर्च निघाला नाही. याचा दोष भित्तिपत्रकावर टाकणे हास्यास्पद ठरेल; मंदी, जागांची विषम वाटणी आणि स्पर्धा ही कारणे पुरेशी आहेत. परंतु ज्या जहाजाची कीर्ती सर्वत्र आणि ज्याच्या खोल्या रिकाम्या, त्याचे हे चित्र त्याच्याशी किती इमानी आहे, हे मात्र जाणवल्यावाचून राहत नाही.

एका बाबतीत इमान शब्दशः आहे. नाळेपाशी फेस इतका थोडा का? वेगाचा आभास निर्माण करण्यासाठी दुसऱ्या कोणीही तेथे उसळत्या लाटा काढल्या असत्या. रशियातून आलेले अभियंते व्लादिमीर युर्केव्हिच यांनी 'नॉर्मांदी'ची कूस अशी घडविली होती, आणि पाण्याखाली नाळेला असा गोलाकार फुगवटा दिला होता, की पाणी कमीत कमी उसळावे. फेसाची बारीक रेषा हे चित्रकाराचे काटकसरीपण आहे आणि अभियंत्याचे यशही. रूप आणि वस्तुस्थिती यांचा असा बेमालूम मेळ या चित्रात इतरत्र नाही.

आता 'एत्वाल द्यू नोर'कडे यावयाचे. हे आठ वर्षे आधीचे, १९२७ चे. त्याच वर्षी पॅरिस, ब्रुसेल्स आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्या दरम्यान याच नावाची पुलमन गाडी सुरू झाली. नावाचा अर्थ उत्तरेचा तारा. कासांद्र यांनी गाडी दाखविली नाही. इंजिन नाही, डबा नाही, स्थानक नाही. त्याच वर्षीच्या 'नॉर एक्स्प्रेस' या भित्तिपत्रकात चाकांच्या पातळीवरून पाहिलेले जे रोरावणारे इंजिन आहे, त्याचा येथे पूर्ण त्याग आहे. येथे केवळ रूळ आहेत. चित्राच्या तळाशी ते अनेक पदरांनी सुरू होतात, परस्परांत मिसळतात, निमुळते होत जातात. क्षितिज बरेच वर आहे, त्यामुळे चित्राचा बहुतेक भाग जमीनच आहे, आणि ती जमीन ओलांडावयाची आहे. रेषा जेथे एकवटतात तेथे, क्षितिजावर, एक मोठा तारा.

या चित्रातील अदृश्य माणूस कोठे उभा आहे? रुळांवर. तोही काही प्रवाशाचा रोजचा मार्ग नव्हे. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला रूळ दिसत नाहीत. हा आक्षेप वरवर 'नॉर्मांदी'वरील आक्षेपासारखाच आहे, पण तो येथे लागू पडत नाही. 'नॉर्मांदी'त गतीची दिशा चित्रातून पाहणाऱ्याकडे आहे. 'एत्वाल द्यू नोर'मध्ये ती पाहणाऱ्याकडून चित्रात आहे. तेथे जहाज माणसावर येते, येथे माणूस ताऱ्याकडे जातो. यंत्र काढून टाकल्यामुळे त्याची जागा मोकळी झाली आहे, आणि त्या मोकळ्या जागेत पाहणारा आपसूक बसतो. रुळांवरून धावते ती त्याचीच नजर. गाडी दिसत नाही कारण तो गाडीत आहे. सविकल्प समाधी म्हणतात ती हीच, आणि ती केवळ यथार्थदर्शनाच्या एका योजनेने साधली आहे.

लयीच्या अंगानेही या दोन कृतींत मूलभूत भेद आहे. 'नॉर्मांदी'तील समतोल सममितीचा, म्हणून स्थिर. जहाज विक्रमी वेगाचे असूनही चित्रात ते उभे असल्यासारखेच दिसते, एखाद्या मंदिराच्या शिखरासारखे. 'एत्वाल द्यू नोर'मध्ये समतोल आहे तो ओढीचा: खालच्या सगळ्या पसाऱ्याला वरचा एक तारा तोलून धरतो. एकीकडे वजनाने वजन तोललेले, दुसरीकडे दूरत्वाने. पहिल्यात विरोधाचा भार पक्ष्यांवर होता, आणि पक्षी चित्राच्या अर्थाला अनुषंगिक होते. दुसऱ्यात विरोधाचे पद, म्हणजे तारा, हेच गंतव्य आहे. संवाद, विरोध आणि समतोल हे नियम दोन्हीकडे सारख्याच कौशल्याने पाळले गेले असता एकीत ते हेतूच्या कामी येतात व दुसरीत येत नाहीत, ही गोष्ट केवळ-रूपवादी समीक्षेने गंभीरपणे घ्यावयास हवी.

यावर असे म्हणता येईल की, दोन निराळ्या मालकांच्या दोन निराळ्या गरजा होत्या. रेल्वेला प्रवासी हवे होते आणि जहाज-कंपनीला प्रतिष्ठा, तेव्हा प्रत्येक भित्तिपत्रक आपापल्या जागी यशस्वी आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तारमास्तराची उपमा याच मताला पोषक आहे. परंतु मग 'नॉर्मांदी'ला प्रवासाचे भित्तिपत्रक म्हणून आदर्श मानण्याची जी प्रथा पडली आहे, ती सोडावी लागेल. त्याला जहाजाचे अप्रतिम व्यक्तिचित्र म्हणावे, राष्ट्राभिमानाचे सूचक म्हणावे. प्रवासाचे निमंत्रण म्हणू नये. कलाशाळांतून भित्तिपत्रकाच्या पाठांत हे चित्र पहिले उदाहरण म्हणून पुढे केले जाते, आणि विद्यार्थी त्यातून खालून पाहण्याची युक्ती तेवढी उचलतात. इमारत असो, विमान असो की पुढारी, सर्वांना तीच युक्ती. ती युक्ती कोणाला लहान करते, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

तंत्राविषयी थोडक्यात. दोन्ही भित्तिपत्रके शिलामुद्रणाची आहेत. मराठी वाचकास हे तंत्र परिचित आहे ते मुख्यतः १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेल्या रविवर्मा छापखान्याच्या देवदेवतांच्या चित्रांवरून. तेथे शिळेचे सारे कसब आपण शिळा नसून तैलचित्र आहोत असे भासविण्यात खर्ची पडे. कासांद्र यांची दिशा उलट आहे. एअरब्रशच्या फवाऱ्यासारख्या एकसंध, कुंचल्याची खूण नसलेल्या छटा त्यांना हव्या होत्या, कारण यंत्राचे चित्र यंत्राने काढल्यासारखे दिसावे. 'नॉर्मांदी'च्या पोलादाला हा गुळगुळीतपणा शोभतो. 'एत्वाल द्यू नोर'च्या रुळांवर तो चकाकी आणतो, आणि आकाशाला संध्याकाळ.

'नॉर्मांदी'चे आयुष्य अल्प ठरले. ऑगस्ट १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर ती न्यू यॉर्कला अडकून पडली. पुढे अमेरिकेने ती ताब्यात घेतली, सैन्यवाहतुकीसाठी तिचे नाव 'लाफायेत' ठेवले, आणि ९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूपांतराचे काम चालू असता लागलेल्या आगीत, विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने ती धक्क्यालाच कलंडली. १९४६ नंतर तिचे पोलाद मोडीत गेले. उत्तरेचा तारा हे नाव वाहणारी गाडी मात्र १९९६ पर्यंत धावत होती. आता दोन्ही भित्तिपत्रके संग्रहालयांच्या आणि दिवाणखान्यांच्या भिंतींवर आहेत, आणि तेथे त्यांच्याकडून कोणी तिकिटाची अपेक्षा करीत नाही. या नव्या जागी त्यांची परीक्षा उलटी होते. पुनर्मुद्रणात पुष्कळदा खालचा मजकूर कापला जातो. 'नॉर्मांदी'चे त्याने काही बिघडत नाही. नाव नसले तरी जहाज तेवढेच उंच राहते, आणि मूळ छपाईतही वेगवेगळ्या प्रसंगी त्या खालचा मजकूर बदलला गेलाच होता. 'एत्वाल द्यू नोर'चा मजकूर कापला की तारा नुसता तारा उरतो, रूळ नुसते रूळ. गाडीचे नाव, शहरांची नावे आणि तो प्रकाशाचा बिंदू ही एकत्र वाचली तरच रुळांच्या टोकाशी अ‍ॅमस्टरडॅम दिसते.